उपासनेतली सेवाकार्यं : कॅथलिक धर्मग्रामातली स्वयंसेवा

मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) आणि चर्चमधल्या इतर सामुदायिक विधींत धर्मगुरूंच्या जोडीनं सामान्य श्रद्धावंत जी कामं बिनपगारी करतात, म्हणजे शास्त्रपाठ वाचणं, वेदीवर मदत करणं, ख्रिस्तप्रसाद (मिस्सातली भाकर आणि द्राक्षारस) वाटणं, गाणं, दाराशी उभं राहून लोकांना जागा दाखवणं, या सगळ्यांना मिळून उपासनेतली सेवाकार्यं म्हणतात. बोलताना लेक्टर, अल्टर सर्व्हर, कॉयर, अशर हेच शब्द सर्रास चालतात. चर्चची कागदपत्रं या लोकांना ‘सेवक’ म्हणतात, आणि हा फरक नुसता शब्दाचा नाही, कारण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (1962-65 मधली जगभरच्या बिशपांची सभा) मते उपासनेत पूर्णपणे सहभागी होणं हा बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाचा हक्क आहे आणि कर्तव्यही. त्यामुळे फावल्या वेळात केलेली मदत असं याकडे बघणं चर्चला मान्य नाही, जरी रविवारी सकाळी माणसं कमी पडली की सगळेच तसं बघतात.

‘लिटर्जी’ हा शब्द ग्रीक ‘लेइतुर्गिया’वरून आलाय. त्याचा अर्थ ‘लोकांचं काम’ असा सांगायची पद्धत पडलीय, पण भाषाशास्त्राच्या अंगानं ‘लोकांसाठीचं काम’ किंवा ‘सार्वजनिक काम’ हाच अर्थ जास्त पटतो. प्राचीन अथेन्समध्ये श्रीमंत नागरिकानं स्वतःच्या खर्चानं वर्षभर युद्धनौका सांभाळायची किंवा नाट्यस्पर्धेतल्या गायकवृंदाचा खर्च उचलायचा, याला लेइतुर्गिया म्हणत. म्हणजे मूळ लिटर्जी ही स्वखुशीची सेवा नव्हतीच, मान मिळवून देणारी सक्ती होती. पुढे जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द मंदिरातल्या याजकांच्या सेवेसाठी वापरला गेला आणि तिथून तो ख्रिस्ती वापरात आला.

या सेवांमध्ये सगळ्यात जुना पुरावा वाचकाचा मिळतो, आणि वादही त्याच्याभोवतीच जास्त आहे. ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर यांनी इ.स. 155 च्या सुमारास रविवारच्या सभेचं वर्णन केलंय, त्यात वेळ असेल तितका वेळ प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचं लिखाण वाचलं जातं, मग वाचणारा थांबला की अध्यक्ष बोलतो. इथे ‘वाचणारा’ म्हणजे पदावरचा माणूस, की त्या दिवशी ज्याला अक्षरओळख होती तो? काही अभ्यासक पहिलं मानतात, पण मजकुरात पदाचा उल्लेख नाही आणि निरक्षर समाजात वाचता येणारा माणूस आपोआपच ‘तो वाचणारा’ होतो, त्यामुळे दुसऱ्या मताकडे झुकणं जास्त सावधपणाचं ठरेल. 200 च्या आसपास ख्रिस्ती लेखक टर्टुलियन मात्र पाखंडी गटांची टिंगल करताना म्हणतो की त्यांच्याकडे आज जो डीकन (धर्मगुरूच्या खालचा दीक्षित सेवक) तो उद्या वाचक होतो. टोमणा बसायचा तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात वाचक हे ठरलेलं पद असायलाच हवं, म्हणून पदाची सुरुवात दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात कधीतरी झाली असावी असं बहुतेकांचं मत आहे.

वाचकाची नेमणूक कशी होई याचं उत्तर ‘प्रेषितीय परंपरा’ नावाच्या नियमग्रंथावरून देतात : बिशपनं वाचकाच्या हातात पुस्तक द्यायचं, डोक्यावर हात ठेवायचे नाहीत. विसाव्या शतकात बराच काळ हा ग्रंथ रोमच्या हिप्पोलितसचा, साधारण 215 चा, असं धरून चालत आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या उपासना-सुधारणेवरही त्याची छाप पडली. पण मूळ ग्रीक पाठ जवळपास सगळा हरवलाय, जे हातात आहे ते लॅटिन, कॉप्टिक, अरबी, इथिओपिक भाषांतरांवरून जुळवलेलं आहे, आणि अलीकडचे बरेच अभ्यासक त्यात दुसऱ्या ते चौथ्या शतकापर्यंतचे वेगवेगळे थर बघतात. तेव्हा ‘तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये असं होई’ असं छातीठोक सांगण्यापेक्षा पुस्तक देण्याची प्रथा जुनी आहे एवढंच म्हणावं. ती आजही टिकून आहे, नव्या वाचकाला बिशप बायबल हातात देतात.

आकडे मिळतात ते 251 च्या सुमाराचे. पोप कॉर्नेलियस यांचं अंत्योखचे बिशप फेबियस यांना लिहिलेलं पत्र इतिहासकार युसेबियसनं जपून ठेवलंय, त्यात रोमच्या चर्चची मोजदाद आहे : 46 धर्मगुरू, 7 डीकन, 7 उपडीकन, 42 अ‍ॅकोलाइट (वेदीजवळचे मदतनीस), आणि भूत काढणारे, वाचक, द्वारपाल मिळून 52. बेचाळीस म्हणजे सात सक सरळ, त्यामुळे शहराच्या सात विभागांत प्रत्येकी एक डीकन, एक उपडीकन आणि सहा अ‍ॅकोलाइट अशी वाटणी असावी हा तर्क पटण्यासारखा आहे. गंमत म्हणजे ‘अ‍ॅकोलाइट’ हा शब्द ग्रीक (अर्थ, मागून चालणारा), पण हे पद वाढलं लॅटिन चर्चमध्ये, पूर्वेकडच्या ग्रीक चर्चमध्ये ते रुजलंच नाही. 416 साली पोप इनोसंट पहिले लिहितात की पोपच्या मिस्सामधला प्रसादाचा तुकडा अ‍ॅकोलाइट शहरातल्या इतर चर्चमध्ये पोचवत. वेदीसेवकांचा आश्रयदाता संत तार्सिसियस याचीही गोष्ट प्रसाद नेतानाच मारल्या गेलेल्या मुलाची सांगतात, मात्र त्याच्याबद्दलचा सगळ्यात जुना मजकूर म्हणजे पोप दमासुस यांचा चौथ्या शतकातला शिलालेख, त्यात वय दिलेलं नाही आणि तुलना केलीय ती पहिला ख्रिस्ती हुतात्मा डीकन स्तेफन याच्याशी. तो अ‍ॅकोलाइट होता हे नंतरच्या परंपरेतलं, पोरसवदा होता हे तर आणखी नंतरचं.

मधली शतकं थोडक्यात. ही पदं हळूहळू धर्मगुरू होण्याच्या वाटेवरच्या पायऱ्या झाल्या, त्यांना लघुपदं म्हणू लागले (द्वारपाल, वाचक, भूत काढणारा, अ‍ॅकोलाइट), आणि प्रत्यक्ष काम मात्र गावातली शिकणारी मुलं किंवा चर्चचा कारकून करू लागला. ट्रेंट परिषदेनं 1563 मध्ये ही पदं पुन्हा कामाला लावायचं ठरवलं, अविवाहित मिळाले नाहीत तर चांगल्या वर्तनाचे विवाहित चालतील असंही म्हटलं, पण ते कागदावरच राहिलं. पदवी एकाकडे आणि काम दुसऱ्याकडे ही गंमत तेव्हापासूनची.

4 डिसेंबर 1963 ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेवरचा संविधान-दस्तऐवज मंजूर केला, त्यात वेदीसेवक, वाचक, निवेदक आणि गायकवृंद हे ‘खरीखुरी उपासना-सेवा’ करतात असं स्पष्ट आहे, शिवाय ज्यानं त्यानं आपापलं काम पूर्ण करावं आणि तेवढंच करावं असाही नियम आहे. हा दुसरा भाग लोक विसरतात. पोप पॉल सहावे यांनी 15 ऑगस्ट 1972 च्या आदेशानं लॅटिन चर्चमधली लघुपदं रद्द केली आणि वाचक व अ‍ॅकोलाइट ही दोन सेवापदं सामान्य श्रद्धावंतांसाठी खुली केली, पण फक्त पुरुषांसाठी. (पूर्वेकडच्या कॅथलिक चर्चना हे लागू नाही, त्यांच्याकडे वाचक आणि उपडीकन जुन्या पद्धतीनं चालू आहेत.) डीकन होण्याआधी ही दोन्ही पदं घ्यावीच लागतात, त्यामुळे झालं असं की विधिपूर्वक नेमलेले वाचक बहुतेक ठिकाणी सेमिनरीतच (धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेतच) दिसले. 1983 च्या धर्मसंहितेचा 230 वा कायदा बाकीच्यांना ‘तात्पुरती नेमणूक’ म्हणून वाचायची परवानगी देतो. वीस वर्षं दर महिन्याला वाचणाऱ्या काकू कायद्याच्या भाषेत आजही तात्पुरत्याच.

बायकांचा प्रश्न वेगळा सांगायला हवा. 1903 मध्ये पोप पायस दहावे यांनी गायकवृंद हे उपासनेचं पद आहे म्हणून त्यात स्त्रिया नकोत असं सांगितलं, आणि 1917 च्या संहितेनुसार पुरुष सेवक नसेल तर कारण असताना बाईनं मिस्सातली उत्तरं दुरूनच द्यायची, वेदीजवळ यायचं नाही. परिषदेनंतर वाचन खुलं झालं, वेदी नाही झाली. 1994 मध्ये रोमनं कळवलं की 230 व्या कायद्याच्या अधिकृत अर्थानुसार मुली वेदीसेवक होऊ शकतात, मात्र आपल्या धर्मप्रांतात (बिशपच्या अखत्यारीतल्या भागात) तशी परवानगी द्यायची की नाही ते बिशपनं ठरवायचं. पोप फ्रान्सिस यांनी 10 जानेवारी 2021 ला कायद्यातला ‘पुरुष’ हा शब्द काढला, तेव्हापासून वाचक आणि अ‍ॅकोलाइट ही दोन्ही पदं स्त्रियांनाही मिळू शकतात. त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षक हेही विधिपूर्वक सेवापद झालं.

ख्रिस्तप्रसाद वाटणाऱ्यांचं अधिकृत नाव लांबलचक आहे, ‘ख्रिस्तप्रसादाचे असाधारण सेवक’. साधारण सेवक म्हणजे बिशप, धर्मगुरू आणि डीकन. 29 जानेवारी 1973 च्या सूचनेनं सामान्य श्रद्धावंतांना ही मुभा सगळीकडे मिळाली, आणि 2004 च्या सूचनेत पुन्हा बजावलंय की धर्मगुरू किंवा डीकन नसतील, आजारी वा म्हातारे असतील, किंवा रांग इतकी मोठी असेल की मिस्सा अवाजवी लांबेल, तरच यांना बोलवावं, थोडंसं लांबणं हे कारण चालणार नाही. नियम असा आणि व्यवहार असा की हे सेवक दर रविवारी यादीत असतातच, म्हणजे अपवादालाच वेळापत्रक आलंय. त्यांना पात्रं शुद्ध करता येत नाहीत, ते काम धर्मगुरू, डीकन किंवा विधिपूर्वक नेमलेल्या अ‍ॅकोलाइटचं. प्रसाद खाली पडला तर आदरानं उचलायचा, पेल्यातलं सांडलं तर ती जागा पाण्यानं धुवून ते पाणी सॅक्रिस्टीतल्या (उपासनेचं सामान ठेवायच्या खोलीतल्या) खास कुंडात ओतायचं, ज्याचा पाइप गटाराला नाही तर थेट जमिनीत जातो. आजाऱ्यांच्या घरी प्रसाद नेणं हेही यांच्याकडेच असतं, आणि ते रविवारच्या रांगेपेक्षा जास्त दमवणारं.

वाचकाचं काम बाहेरून सोपं वाटतं. वाचनग्रंथात रविवारचं चक्र तीन वर्षांचं आहे, पहिल्या वर्षी मत्तयचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र सांगणारं पुस्तक), दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि इतर दिवशी पहिल्या वाचनाचं चक्र दोन वर्षांचं, तेव्हा रिबीन भलत्या पानावर असेल तर माणूस उभ्याउभ्या घामाघूम होतो. पेंटेकॉस्टच्या (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या) दिवशी तर पार्थी, मेदी, एलामी, कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुल्या अशी नावांची रांगच येते आणि जो घरी मोठ्यानं वाचून आलेला नसतो तो कप्पदुकियाला अडखळतो हे हमखास. शेवटच्या वाक्यानंतर एक श्वास थांबून मग ‘हा प्रभूचा शब्द’ म्हणायचं, घाई केली तर ते वाचनाचंच शेपूट वाटतं. शुभवर्तमान वाचणं वाचकाचं काम नाही. प्रवेशाच्या मिरवणुकीत वाचक शुभवर्तमानाचं पुस्तक किंचित वर धरून नेऊ शकतो (डीकन नसेल तर), पण वाचनग्रंथ तसा न्यायचा नसतो, आणि ही चूक जुनेजाणतेही करतात.

वेदीसेवकाकडे क्रूस, मेणबत्त्या, पाण्याची आणि द्राक्षारसाची कुपी, हात धुवायचं भांडं आणि घंटा. धूपपात्र असेल तर कोळसा दहा-पंधरा मिनिटं आधी पेटवावा लागतो, कडेनं राखाडी पापुद्रा चढला की तयार समजायचा, नाहीतर धूप टाकल्यावर नुसता चर्र आवाज येतो आणि धूर नाही. नवा पोरगा साखळी लांब सोडतो आणि पात्र झग्याला लागतं, मग शिकतो.

गायकवृंदाबद्दल स्वतंत्र नोंदच हवी. इथे एवढंच, की प्रतिसादी स्तोत्र हे शास्त्रवाचनाचाच भाग आहे, त्यामुळे त्या जागी आवडतं भजन घालणं नियमात बसत नाही, आणि स्तोत्रगायक हे गायकवृंदाहून वेगळं काम मानलंय. नेमणुकीआधी बहुतेक धर्मप्रांतांत छोटं प्रशिक्षण असतं, आणि लहान मुलांसोबत काम असेल तर आता अनेक देशांत बालसुरक्षेचं प्रशिक्षण आणि पार्श्वभूमीची तपासणीही लागते, अमेरिकेत बिशपांनी 2002 मध्ये तसा जाहीरनामाच मंजूर केला.

दानाची थैली फिरवणारे आणि दाराशी उभे राहणारे यांच्याबद्दल नियमपुस्तकात जेमतेम दोन ओळी आहेत. एकेकाळी द्वारपाल हे पहिलं लघुपद होतं, ते देताना बिशप चर्चच्या किल्ल्या हातात ठेवत आणि नवा द्वारपाल दार उघडून घंटा वाजवी. 1972 मध्ये ते पद गेलं, दार मात्र आजही कुणीतरी मिस्साच्या अर्धा तास आधी येऊन उघडतंच.