गाळ धरून वाढलेली टेकडी

पंचगंगेचा पूर ओसरला की उसाच्या फडात जाऊन बघावं. बुडख्यांभोवती गाळ बसलेला असतो. कारण साधं आहे. पाणी उसात शिरलं की त्याचा जोर मोडतो, आणि जोर मोडला की सोबत आणलेली माती तिथंच टाकून ते पुढं जातं.

आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, अटलांटिक समुद्राच्या तळावर, ६०० ते १००० मीटर खोलीवर अशाच रीतीनं टेकड्या तयार झाल्यात. तिथं उसाच्या जागी प्रवाळ आहे. त्याच्या फांद्यांत गाळ अडकतो, जुन्या फांद्या पुरल्या जातात, वर नव्या फुटतात. आपला पन्हाळा आजूबाजूचा खडक झिजून उरलेला. या टेकड्या मात्र खालून वर वाढत गेल्या.

मालवणला स्नॉर्केलिंग करून आलेल्या भाच्याला हे रंकाळ्यावर भेळ खाताना सांगितलं, तर त्याचा पहिला प्रश्न, ‘‘मामा, तिथं ऊनच न्हाई, मग ते खातंय काय?’’

नेमका प्रश्न. उथळ पाण्यातल्या बहुतेक प्रवाळांच्या अंगात शेवाळ राहतं आणि उन्हावर अन्न बनवून त्यांना देतं. इथल्या लोफेलिया प्रवाळाकडे ते शेवाळ नाही. ४ ते १२ अंशांच्या थंडगार काळोखात, प्रवाहाबरोबर येणारे बारीक जीव आणि वरून झिरपणारा कचरा तो इवल्या हातांनी पकडून खातो. म्हणून वाहतं पाणी त्याला फार लागतं.

हे बघायला सहसा माणूस जात नाही, केबलला बांधलेलं यंत्र जातं. ९०० मीटरवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ९० किलो, म्हणजे नखाएवढ्या जागेवर जवळजवळ एक क्विंटल. वर जहाजात चालक पडद्यासमोर जॉयस्टिक धरून बसतो. पाण्यात जीपीएस चालत नाही, म्हणून यंत्राचा ठावठिकाणा आवाजाच्या लहरींनी काढतात. पंखा जरा जोरात फिरला की गाळ उसळतो आणि पडदा पांढराफटक. मग तो बसेपर्यंत गप्प बसायचं. मला आवडतात ते लेसरचे दोन ठिपके. त्यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं, म्हणून प्रवाळावर पडले की त्याचा आकार लगेच मोजता येतो. काळोखात टेकलेली पट्टीच ती.

पण कॅमेऱ्याला पृष्ठभागच दिसतो. आत काय आहे ते कळलं २००५ मध्ये, ‘चॅलेंजर’ नावाच्या टेकडीला वरपासून पायथ्यापर्यंत भोक पाडल्यावर. सुमारे १५५ मीटर, आणि प्रवाळाचे तुकडे थेट तळापर्यंत. पायथ्याचं वय साधारण २६ लाख वर्षं. मधे मात्र सहा-सात लाख वर्षांचा थरच नाही. तिथं जुन्या फांद्या संपतात, आणि त्यांना लागूनच वर कितीतरी नंतरच्या काळातल्या फांद्या सुरू होतात.