वरचा दात काढल्याने नजर जात नाही

जळगाव-धुळ्याकडे आजही कितीतरी आज्या पू झालेला वरचा सुळा तसाच ठेवतात, कळण्याची भाकरी दुधात कुस्करून खातात. का? तर ‘वरचा दात काढला की डोळे जातात’. हे साफ खोटं आहे. दातांची संवेदना मेंदूच्या पाचव्या मज्जातंतूतून जाते, दृष्टी दुसऱ्या क्रमांकाच्या मज्जातंतूतून. सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब, नाकाच्या कडेने वर गेलेलं. पण ते डोळ्याच्या खोबणीच्या बरंच खाली संपतं. दात पडायच्या वयातच मोतीबिंदूही पिकतो, म्हणून दोष दाताच्या माथी! उलट सुळ्याच्या मुळाशी साचलेला पू डोळ्याखाली सूज आणतो, क्वचित खोबणीतही शिरतो. तशी सूज दिसली तर आजीला त्याच दिवशी दाताच्या डॉक्टरकडे न्या.