नागपुरात होमगार्डसाठी अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि सेवेच्या अटी

होमगार्ड ही नोकरी नाही, हे अर्ज भरण्याआधी घरच्यांनाही नीट सांगा. मुंबई होमगार्ड अधिनियम, १९४७ खाली उभं राहिलेलं हे स्वयंसेवी दल आहे. जितके दिवस बंदोबस्त, तितक्याच दिवसांचा कर्तव्य भत्ता. ऑक्टोबर २०२४ पासून तो दिवसाला ५७० वरून १,०८३ रुपये झाला. महिन्यात दहा दिवस बोलावलं तर १०,८३० रुपये, बोलावलंच नाही तर काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या होमगार्डना सेवेत कायम करण्याची मागणी मान्य केली नाही. भत्ता मात्र पोलिसांच्या किमान वेतनाच्या हिशेबाने द्यायला सांगितला. भत्त्यासाठी भांडताना हाच निकाल कामाला येतो.

कर्तव्यावर बोलावलेल्या होमगार्डला पोलिसांसारखे अधिकार आणि कायद्याचं संरक्षण असतं. ड्युटी संपली की ते अधिकारही संपतात. एरवी गणवेश घालून कोणाला अडवू नका.

वय २० ते ५० वर्षे, शिक्षण किमान दहावी पास. उंची पुरुषांना १६२ सेंमी, महिलांना १५० सेंमी. पुरुषांची छाती न फुगवता ७६ सेंमी आणि फुगवून किमान ५ सेंमी जास्त भरली पाहिजे. मैदानी चाचणीत पुरुष १,६०० मीटर आणि महिला ८०० मीटर धावतात, त्यानंतर गोळाफेक. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा असतो. त्याचा सराव बहुतेक जण करत नाहीत आणि गुण तिथेच जातात.

भरती निघाली की अर्ज ऑनलाइन भरायचा. रहिवाशाचा पुरावा, दहावीचं प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, तीन महिन्यांच्या आतलं पोलीस चारित्र्य प्रमाणपत्र. खासगी नोकरी असेल तर मालकाचं ना हरकत प्रमाणपत्रही. आयटीआय, एनसीसी किंवा जड वाहन परवाना असेल तर तोही जोडा, त्याचे जादा गुण मिळतात. मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही न्या.

अर्ज अडतो तो बहुधा पत्त्यावरून. राहता त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीतून अर्ज करावा लागतो. हुडकेश्वरला भाड्याने राहता आणि आधारवर उमरेडचं गाव आहे, तर आधार आधी दुरुस्त करा.

ना हरकत प्रमाणपत्र मागताना मालकाला बंदोबस्ताचे दिवस आधीच सांगा : मारबत, गणेश विसर्जन, दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, हिवाळी अधिवेशन. नेमकी याच दिवसांत सुट्टी लागते.

तीन वर्षे सेवा झाली की पोलीस, वनविभाग आणि अग्निशमन दलाच्या भरतीत ५ टक्के आरक्षणाचा लाभ मिळतो. त्यासाठी प्रत्येक कर्तव्याची नोंद आपल्याकडेही लिहून ठेवा.