कल्पना एकाची, पेटंट दुसऱ्याच्या नावावर: हे इथपर्यंत आलं कसं

अमेरिकेत 1972 साली सुप्रीम कोर्टाने बेन्सन केसमध्ये सांगितलं की नुसत्या अल्गोरिदमवर, म्हणजे कॉम्प्युटरने काम कसं करायचं त्या पायऱ्यांवर, पेटंट मिळणार नाही. मग 1981 मध्ये रबर बनवायच्या प्रोसेसमधल्या कॉम्प्युटरच्या केसमुळे सॉफ्टवेअर पेटंटचं दार थोडं किलकिलं झालं, आणि अपील कोर्टाच्या 1998 च्या स्टेट स्ट्रीट निकालाने ते सताड उघडलं. खरी गोची इथेच आहे, कारण पेटंट तपासणारा आधी जुनी पेटंटं चाळतो, आणि आधी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी ती घेतलीच नव्हती, त्यांचं काम युनिव्हर्सिटीचे पेपर, डेमो आणि फुकट वाटलेले प्रोग्रॅम यातच राहिलं, मग ते त्याला दिसणार कुठून?

ब्लूजेचं उदाहरण मला सगळ्यात जास्त लागतं. मायकल कोलिंग आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायला हे टूल बनवलं, त्यात क्लासवरून (म्हणजे साच्यावरून) थेट ऑब्जेक्ट (त्या साच्यातली वस्तू) बनवून समोर ठेवायचा, त्यावर राइट क्लिक करून मेथड (त्याला जमणारं काम) चालवून बघायची, शिकणाऱ्यासाठी किती सुंदर सोय! मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅम लिहायच्या आपल्या व्हिज्युअल स्टुडिओ 2005 मध्ये तसंच फीचर आणलं, इथपर्यंत ठीक, चांगली कल्पना पसरावीच. पण त्यांनी त्यावर पेटंटचा अर्जही केला होता, हे 2007 च्या जानेवारीत बाहेर आलं. आरडाओरडा झाल्यावर काही दिवसांतच कंपनीने चूक मान्य करून अर्ज मागे घेतला. वेळेत कुणाच्या नजरेला पडलं म्हणून निभावलं.

प्रोग्रॅमर पेई वेईचं नशीब इतकं बरं नव्हतं. वेबपेजच्या आत चालणारे छोटे प्रोग्रॅम त्याच्या व्हायोला ब्राउझरमध्ये 1993 सालीच होते, तरी त्याच कल्पनेच्या पेटंटचे हक्क इओलास या कंपनीकडे होते आणि त्यावर 2003 मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध 52 कोटी डॉलरहून मोठा निकाल लागला. तेव्हा व्हायोलाचा पुरावा ज्युरीपर्यंत नीट पोचूच दिला नव्हता. ते पेटंट रद्द व्हायला 2012 उजाडलं, आणि त्यासाठी वेबचे जनक टिम बर्नर्स-लींनाही साक्षीला यावं लागलं.

बोट सरकवून फोन अनलॉक करणं आयफोनच्या आधी निओनोड या कंपनीच्या फोनमध्ये होतं. त्यावरून जर्मनीच्या सर्वोच्च कोर्टाने 2015 मध्ये ॲपलचं पेटंट रद्द केलं, अमेरिकेच्या अपील कोर्टाने मात्र 2016 मध्ये त्याच कल्पनेचं ॲपलचं तिथलं पेटंट वैध ठरवलं.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या ॲलिस निकालानंतर अमूर्त कल्पनांवरची पेटंटं बरीच अडली. पण आधी कुणी केलं हा प्रश्न त्या निकालाचा नाहीच, त्यासाठी वेगळी फेरतपासणी मागावी लागते, वकील आणि फी दोन्हींचा खर्च करून, आणि फुकट टूल वाटणाऱ्या प्राध्यापकाकडे तेवढे पैसे कुठून येणार?