जुना आकड्यांचा बोर्ड सापडलाय? तो कशाचा, हे असं कळतं

जुन्या बाजारातून, कारखान्याच्या भंगारातून किंवा माळ्यावरच्या पेटीतून निघालेला, आकडे दाखवणारा बोर्ड घेऊन ग्राहक आमच्याकडे येतात. वर नाव नसतं, सर्किटचा कागद नसतो. हा होता कशाचा, एवढंच त्यांना हवं असतं.

आधी एक कळकळीची विनंती: उत्सुकतेपोटी त्याला वीज जोडू नका. काचेच्या नळीत तारेचे आकडे एकामागे एक उभे दिसले, तर ती निक्सी नळी. ती पेटायला साधारण १७० व्होल्ट लागतात, आणि प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या कॅपॅसिटरमध्ये जोराचा झटका बसण्याइतकी वीज उरू शकते.

नळीवरून काळ कळतो, काम कळत नाही. बरोज कंपनीने निक्सी १९५५ च्या सुमारास बाजारात आणली. सत्तरच्या दशकात एलईडीने तिला मागे सारलं. मधल्या काळात तीच नळी घड्याळातही असे आणि व्होल्टमीटरमध्येही. काम ओळखायचं तर तिच्या मागच्या आयसींचे, म्हणजे सर्किटच्या छोट्या काळ्या चिपांचे, नंबर वाचावे लागतात.

धूळ मऊ ब्रशने झाडा आणि टॉर्च तिरका धरा, पुसट अक्षरं उठून दिसतात. आयसीवर बहुधा दोन नंबर असतात: एक तिचा स्वतःचा, दुसरा ती बनल्याचं वर्ष आणि आठवडा. इथे बरेच जण फसतात. ७४०८ हा आयसीचा नंबर असू शकतो, किंवा १९७४ चा आठवा आठवडा. ७४९० मात्र तारीख असूच शकत नाही, वर्षाला नव्वद आठवडे नसतात. तो काउंटर, म्हणजे शून्य ते नऊ मोजणारी आणि दर दहा ठोक्यांना एक ठोका पुढे देणारी आयसी.

प्रत्येक नळीमागे ७४९०, ७४७५ आणि ७४१४१ अशी तिकडी दिसली, की आम्ही लगेच क्रिस्टल, म्हणजे ठरावीक वेगाने विजेचे ठोके देणारा भाग, शोधतो. पहिली मोजते, दुसरी मोजलेला आकडा धरून ठेवते, तिसरी नळीतली नेमकी तार पेटवते. आकडा धरून ठेवावा लागतो तो मोजणी पुन्हा पुन्हा होत असेल तेव्हाच. जवळ एक मेगाहर्ट्झचं क्रिस्टल आणि पुढे ओळीने सहा ७४९० असतील, तर दहाने सहा वेळा भागून एका सेकंदाचा ठोका मिळतो. त्या सेकंदात आत आलेले पल्स, म्हणजे विजेचे ठोके, मोजले की फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती ठोके) मिळाली. असा बोर्ड जवळजवळ नक्कीच फ्रिक्वेन्सी काउंटरचा.

क्रिस्टल नाही, ट्रान्सफॉर्मरच्या कमी व्होल्टच्या बाजूने एक तार रेझिस्टरमधून काउंटरकडे गेलीय, आणि सहाने भागायला ७४९२ आहे? मग ते विजेच्या ५० हर्ट्झवर चालणारं घड्याळ. डावीकडच्या घरात फक्त १ आणि अधिक-उणे खूण असेल तर बहुधा व्होल्टमीटर.

काही बोर्डांवर ७४१४१ सोडून काहीच नसतं. प्रत्येक आकड्याच्या चार तारा सरळ कनेक्टरकडे जातात. मोजणारं यंत्र वेगळंच होतं, हा नुसता दर्शक. तेव्हा नेमकं यंत्र नुसत्या बोर्डावरून सांगता येत नाही, आणि अंदाज ठोकून आम्ही पैसे घेत नाही.

म्हणून येताना बोर्डाबरोबर निघालेलं सगळं आणा: तुटका कनेक्टर, स्विच, पुढची पट्टी. पट्टीवर ‘गेट’ किंवा ‘रेंज’ एवढं छापलेलं असलं तरी अर्धं काम होतं. नळ्या उपटू नका. तारा कापाव्याच लागल्या, तर कुठली कुठे होती याचे दोन्ही बाजूंनी फोटो आधी काढून ठेवा.