चेंडू मैदानातच राहतो तेव्हा

बेसबॉलमधला नेहमीचा होम रन मला जरा अप्पलपोटा वाटतो. चेंडू कुंपणापलीकडे गेला की बाकीच्यांना काही कामच उरत नाही. क्षेत्ररक्षक मान वर करून बघत राहतात आणि बॅटर रमतगमत फेरी पूर्ण करतो. मुरलेले प्रेक्षक डोळ्यांत तेल घालून वाट बघतात ती वेगळ्या होम रनची. त्यात चेंडू मैदानातच असतो, कोणीतरी त्याच्यामागे धावत असतं, आणि बॅटरला चेंडू परत येण्याआधी चौकोनाच्या कोपऱ्यांवरचे चारही बेस गाठून घरी, म्हणजे निघाल्या जागी, यायचं असतं.

दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर. पूर्ण फेरी जेमतेम ११० मीटरची. मिनेसोटा ट्विन्सच्या बायरन बक्स्टनने २०१७ मध्ये ती १३.८५ सेकंदांत पूर्ण केली. शंभर मीटरच्या धावपटूंच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटेल, पण त्यांना वळायचं नसतं. इथे वाटेत तीन काटकोन आहेत. ताशी ३० किलोमीटरच्या वेगात ६ मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं, तर शरीर उभ्या रेषेपासून जवळजवळ ५० अंश कलवावं लागेल. तसं केलं तर माणूस मातीत लोळेल. त्रिज्या १० मीटर केली, तर ३५ अंशांच्या आसपास भागतं. म्हणून चांगला धावपटू बेसच्या आधीच रेषेबाहेर सरकतो आणि फुगीर वळण घेतो. अंतर थोडं वाढतं, पण वेग टिकतो.

एवढं करूनही तेवढ्याने भागत नाही. चेंडू परत यायला उशीर लागला पाहिजे, आणि तो उशीर बहुतेकदा भिंत करते. २००७ च्या ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानावर, इचिरो सुझुकीने मारलेला चेंडू उजवीकडच्या भिंतीवर आदळला आणि केन ग्रिफी ज्युनियर जिथे वाट बघत होता त्याच्या भलत्याच बाजूला उसळला. ऑल-स्टार सामन्यांच्या इतिहासातला मैदानात राहिलेल्या चेंडूवरचा तो पहिला होम रन. गरगरणारा चेंडू भिंतीला घासतो तेव्हा आरशावरच्या प्रकाशकिरणासारखा परतत नाही. त्याची फिरकी त्याला बाजूला ढकलते, आणि भिंतीचे कोपरे उरलेला गोंधळ घालतात.

तिसऱ्या बेसवरून घरी पळणारा धावपटू आणि दूरवरून येणारी फेक, हा सामना तर मला सगळ्यात आवडतो. ताशी १५० किलोमीटरने सुटलेला चेंडू ९० मीटर कापायला साधारण ३ सेकंद घेतो, कारण हवा त्याचा वेग सतत खात असते. उंच टोला झेलला जाईपर्यंत धावपटू बेस सोडू शकत नाही आणि उभ्यानेच सुरुवात करतो. त्याला साडेतीन सेकंद तरी लागतात. कागदावर चेंडू जिंकतो. पण क्षेत्ररक्षकाला झेल घेऊन, पवित्रा बदलून फेकायचं असतं, आणि त्यातच अर्धाएक सेकंद सहज जातो. ९० फुटांचं हे माप एकोणिसाव्या शतकात ठरलं, तेव्हा असली गणितं कोणी केली नसणार, तरी ते इतकं चपखल कसं बसलं याचं नवल वाटतं.

झेलांचं कोडं वेगळंच आहे. उंच उडालेला चेंडू कुठे पडेल हे खेळाडूला कळतं कसं? सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये सुचवलेलं उत्तर सुंदर आहे: गणित करायची गरजच नाही. डोळ्यांपुढे चेंडू एकसारख्या गतीने वर चढताना दिसत राहील, असं आपण धावत राहायचं. चढण्याची गती वाढू लागली तर तो डोक्यावरून मागे पडणार, मंदावली तर पुढ्यात. पुढे चेंडूच्या बाजूच्या हालचालीबद्दलही संशोधकांनी अशाच सोप्या युक्त्या मांडल्या.

आणि मग १९५४ चा विली मेज आठवतो. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे वर्षाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, आठवी इनिंग, बरोबरी. विक वर्ट्झचा टोला मध्यभागी खोलवर गेला. मेज चेंडूकडे पाठ करून धावत सुटला, खांद्यावरून आलेला चेंडू त्याने झेलला आणि गर्रकन वळून फेकला. डोळे चेंडूवर खिळवून ठेवायची युक्ती इथे कुठे बसते? बराच वेळ त्याला चेंडू दिसतही नव्हता. पहिल्या क्षणात जे दिसलं त्यावरच त्याने जागा ताडली असणार.

आता सगळ्यात दुर्मीळ प्रकार: एकाच खेळाडूने, कोणाच्याही मदतीशिवाय, एका फटक्यावर तिघांना बाद करणं. १९०० नंतर मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीवर, असं पंधरा वेळा घडलं. ‘परफेक्ट गेम’, म्हणजे पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) समोरच्या एकालाही बेसवर पोचू न देणं, हे कौतुकाचं शिखर मानतात. पण तेही २०२३ पर्यंत चोवीस वेळा झालं होतं.

वर्ल्ड सिरीजमध्ये एकट्याने तिघांना बाद करणं फक्त एकदाच झालं, १९२० मध्ये. क्लीव्हलँडच्या बिल वॉम्ब्सगान्सने सपाट, वेगवान चेंडू झेलला, दुसऱ्या बेसला पाय लावला (तिथला धावपटू बेस सोडून पुढे निघाला होता, म्हणून तो बाद), आणि पहिल्या बेसकडून येणाऱ्या धावपटूला चेंडू टेकवला. तो धावपटू तिथे होताच कसा? बऱ्याचदा असे धावपटू पिचर हालचाल करू लागताच निघतात. फेकीला आणि तिच्या प्रवासाला मिळून सव्वा सेकंद, टोल्याला क्षेत्ररक्षकापर्यंत पोचायला आणखी एक. एवढ्यात तो दुसऱ्या बेसपासून काही पावलांवर आलेला असतो. वेगातला माणूस तिथून मागे फिरू शकत नाही. जडत्वच त्याला आणून सोपवतं.

२००९ मध्ये फिलाडेल्फियाच्या एरिक ब्रंटलेटने पंधराव्यांदा हे केलं आणि त्याच झटक्यात मेट्सविरुद्धचा सामना संपवला. दोन्ही धावपटू बेस चोरायला, म्हणजे टोला लागायची वाट न बघता पुढच्या बेसकडे, निघाले होते. गंमत म्हणजे ते दोघे बेसवर पोचले होते ते त्याच इनिंगमध्ये ब्रंटलेटच्याच हातून निसटलेल्या चेंडूंमुळे.