पन्नास यार्डांच्या रेघेवर टेकलेला गुडघा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं ब्रेमर्टन हे नौदलाच्या गोदीचं गाव. तिथल्या सरकारी हायस्कूलमध्ये जोसेफ केनेडी २००८पासून अमेरिकी फुटबॉलचे सहायक प्रशिक्षक होते. सामना संपला की मैदानाच्या मधोमध, पन्नास यार्डांच्या रेघेवर, गुडघा टेकून प्रार्थना करायची हा त्यांचा नेम. आधी एकटेच करायचे. मग मुलं भोवती जमू लागली, कधी प्रतिस्पर्धी संघातलीसुद्धा. कित्येक वर्षं हे चाललं आणि शेवटी वाद उभा राहिला तोही तक्रारीतून नव्हे, कौतुकातून! सप्टेंबर २०१५मध्ये दुसऱ्या शाळेचे एक प्रशिक्षक मुख्याध्यापकांना म्हणाले, तुम्ही हे करू देता, छान वाटलं. तेव्हा शाळा प्रशासन जागं झालं.

खेळ आणि ख्रिस्ती श्रद्धा यांची सोयरीक मात्र फार जुनी आहे. कणखर शरीरातच कणखर श्रद्धा नांदते, हा विचार एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातून अमेरिकेत गेला आणि वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेने तो उचलला. १८९१मध्ये बास्केटबॉल जन्मला तो वायएमसीएच्याच स्प्रिंगफील्डमधल्या प्रशिक्षण शाळेत. (मुंबईत नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएच्या मैदानावर आजही रंगणारा बास्केटबॉल याच वाटेने आलेला.) १९५४मध्ये ‘फेलोशिप ऑफ ख्रिश्चन ॲथलीट्स’ ही संघटना स्थापन झाली आणि पुढे शाळाशाळांतून तिचे गट उभे राहिले.

दुसरीकडे न्यायालयं शाळेतली प्रार्थना आवरत होती. न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये म्हटली जाणारी, राज्याच्या शिक्षण मंडळाने रचलेली अवघ्या २२ शब्दांची प्रार्थना सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच वर्षी बायबलच्या सक्तीच्या वाचनावर गदा आली. वर्गातली प्रार्थना अशी थांबली, तरी मैदानावरची टिकून राहिली. विशेषतः टेक्सासमध्ये, जिथे शुक्रवार रात्रीच्या शालेय सामन्याला अख्खं गाव लोटतं. तिथल्या सांता फे शाळेत सामन्याआधी एक विद्यार्थी ध्वनिक्षेपकावरून प्रार्थना म्हणायचा. न्यायालयात गेलेल्या दोन कुटुंबांपैकी एक मॉर्मन पंथाचं होतं, एक कॅथलिक. म्हणजे हा वाद निव्वळ आस्तिक विरुद्ध नास्तिक असा कधीच नव्हता. २०००मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला: मैदान शाळेचं, ध्वनिक्षेपक शाळेचा, तेव्हा प्रार्थनाही शाळेचीच.

ब्रेमर्टनच्या प्रशासनाला हीच भीती होती. त्यांनी केनेडींना प्रार्थनेसाठी वेगळी, खासगी जागा देऊ केली. त्यांना मध्यरेघच हवी होती. १६ ऑक्टोबर २०१५च्या सामन्यानंतर लोक कुंपणावरून उड्या मारून मैदानात घुसले, त्या रेटारेटीत बँडमधली काही मुलं पडली. महिनाअखेरीस केनेडींना पगारी रजेवर धाडण्यात आलं. मग तेही न्यायालयात गेले.

२७ जून २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने केनेडींच्या बाजूने कौल दिला, पुन्हा सहा विरुद्ध तीन, पण उलट दिशेने. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती गोर्सच यांचं म्हणणं असं की, सामन्यानंतरच्या त्या क्षणी इतर प्रशिक्षक फोन पाहायला, मित्रांना भेटायला मोकळे असतात. मग केनेडींची प्रार्थना तेवढी सरकारी कशी? याच निकालात त्यांनी शासन आणि धर्म यांच्यातलं अंतर मोजण्याची १९७१पासूनची ‘लेमन’ कसोटीही मोडीत काढली. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी निकालपत्रात चक्क छायाचित्रं छापली: मधोमध प्रशिक्षक, भोवती गुडघे टेकलेली मुलं. एका पालकाची तक्रारही त्यात आहे: मुलगा नास्तिक, तरी प्रार्थनेत सामील होई, कारण नाही झालो तर खेळायला कमी मिळेल अशी त्याला धास्ती. मला विचाराल तर सगळा पेच या एका वाक्यात आहे. संघात कोण खेळणार हे ठरवणारा माणूस मैदानाच्या मधोमध कितपत ‘खासगी’ असू शकतो, याचं समाधानकारक उत्तर बहुमताच्या निकालात मला सापडत नाही.

केनेडी कामावर परतले. १ सप्टेंबर २०२३चा सामना संपल्यावर ते मैदानाच्या मध्यावर गेले, गुडघा टेकला, या वेळी एकटेच. काही दिवसांतच त्यांनी राजीनामा दिला.